मडक्यावरचा दफेदार

धाराशिव जिल्ह्यात माझ्याएवढा शोध घेतलेला पोलीस दुसरा न्हाय, हे मी छातीवर हात ठिवून सांगतो. त्यातला निम्मा शोध माझ्या सोताच्या टोपीचा होता, कारण दर बंदोबस्ताला ती मी कुठंतरी इसरून यायचो.

भरती झालो तवा माझी छाती मोजली, उंची मोजली, पळवून बघितलं. डोक्याचं कुणी काय इचारलं न्हाय, म्हणून तर लागलो. शाळा सातवीपस्तोर, ती बी मास्तरांच्या मेहेरबानीनं. शिपाई म्हणून आत गेलो आन् सहायक फौजदार होऊन भाईर आलो. मधल्या काळात किती गुन्हे दाखल झाले आन् किती माझ्या टेबलावर पडूनच म्हातारे झाले, ते इचारू नका. पर जळकोटची साफ्याची चोरी इसरायची म्हणलं तरी इसरत न्हाय. तवा मी हवालदार होतो. नावं कुणाचीच सांगणार न्हाय, माणसं अजून चांगली हिंडती-फिरती हायेत.

जळकोटला हायवेला लागून शेतीअवजारांचं एक दुकान हाय. मालकाला समदं गाव अप्पा म्हणतंय. कपाळाला भस्म, अंगात पांढरा सदरा, बोलणं हळू. घरात बायकोशी कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आन् हैदराबादच्या जुन्या बाजारातल्या दुकानदाराशी दखनी. ह्या अप्पांना एक नाद. दारू-पत्त्याचा न्हाय. जुन्या फौजांतल्या शिपायांच्या मिरवायच्या टोप्या, साफे, शिरस्त्राणं गोळा करायचा. इंग्रजाची, निजामाची, आणखी कुठल्या कुठल्या संस्थानाची. लढाईत घालायची न्हाय बरं का. दरबार असला, सलामी असली, लाटसाहेब यायचा असला की डोक्यावर चढवायची ती.

त्या साली चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेला आमचं निम्मं ठाणं येरमाळ्याला बंदोबस्तावर होतं. परत आलो तर पाय सुजलेले, टोपी गायब, आन् टेबलापुढं अप्पा बसलेले. घरी पुतण्याचं लगीन झालं, पाव्हण्यांनी टोप्यांची खोली बघितली, आन् मांडव उतरल्यावर बघतेत तर एक साफा जाग्यावर न्हाय.

साफा कुणाचा म्हणून इचारलं. अप्पा म्हणाले, माझा न्हाय. मला पहिल्यांदा वाटलं, मग रडायलाव कशाला. पर पुढचं ऐकल्यावर मी खुर्चीत नीट बसलो.

साफा येरमाळ्याकडच्या एका दफेदाराचा होता. दफेदार म्हंजी घोडदळातला हवालदार, माझ्याच बरोबरीचा माणूस. फरक एवढाच की त्याच्याखाली घोडं होतं आन् माझ्याखाली ठाण्याची मोटारसायकल, जी ढकलल्याबिगर चालू होत न्हवती. तो निजामाच्या रिसाल्यात होता. रिसाला मोडल्यावर गावाकडं येऊन शेती केली, आन् मरेपस्तोर दर झेंडावंदनाला तो साफा घालून उभा राहिला. त्याची लेक, आता ती बी म्हातारी, येरमाळ्यात एकटी ऱ्हाती. घरात उंदरं झाली म्हणून तिनं साफा अप्पांच्या हवाली केला. विकला न्हाय, सांभाळायला दिला. दर अक्षय तृतीयेला, पितरांच्या दिवशी, ती एसटीनं जळकोटला यायची, साफ्यापुढं फूल ठेवायची, चहा प्यायची आन् जायची.

"अक्षय तृतीया जवळ आलीय, हवालदार," अप्पा म्हणाले. "आन् तो साफा म्हंजी नुसतं कापड न्हाय. दफेदारानं शेवटचा बांधला तसाच्या तसा ठिवलाय. गाठ हलू दिली न्हाय. चोरानं उलगडला तर मला कापड मिळंल, साफा मिळणार न्हाय. त्या बाईला मी काय तोंड दाखवू?"

चोरीला गेलेल्या मालासाठी माणूस रडतंय, हे म्या रोज बघत होतो. दिलेल्या शब्दासाठी डोळ्यात पाणी आलेला फिर्यादी मला पहिल्यांदाच भेटला.

घटनास्थळ बघायला गेलो. खोलीत अंधार. दार ढकललं तर समोर ओळीनं माणसं उभी, कुणाच्या डोक्यावर पिसं, कुणाच्या डोक्यावर पितळी टोक. मला वाटलं, वरून कोण साहेब तपासणीला आले. टाच आपटून कडक सॅल्यूट ठोकला. अप्पांनी मागनं बटण दाबलं, उजेड पडला. म्या मडक्यांना सॅल्यूट ठोकला होता.

ती खोली मात्र बघण्यासारखी. अप्पांची रीत अशी, की टोपी हाती आली की आतनं माप घ्यायचं आन् कुंभाराकडनं त्याच मापाचं मडकं घडवून घ्यायचं. मडकं पालथं घालायचं आन् त्याच्यावर टोपी चढवायची. कपाळाची बाजू कळावी म्हणून मडकं तेवढ्या जागी किंचित चपटं करून घ्यायचं. मग ते मडकं एका खांबावर, आन् खांबाची उंची ज्यानं ती टोपी घातली त्या माणसाएवढी. त्याच्यासाठी अप्पा गावोगाव फिरायचे, घरच्यांना इचारायचे, तुमचा आजा किती उंच होता. न्हाय कळलं तर खांब सगळ्यात बुटका ठेवायचे. उगाच कुणाला उंच करायचं न्हाय म्हणायचे. त्यामुळं खोलीत शिरलं की टोप्या बघितल्यावाणी वाटतच न्हवतं, लहान-मोठ्या उंचीची माणसं आपल्याकडं बघतेत असं वाटायचं.

एक होतं अस्वलाच्या केसांचं उंच शिरस्त्राण, एक होडीसारखी टोपी, एक पांढरं शिरस्त्राण पितळी टोकाचं. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला आन् लवंगा. जुन्या बाजारातले लोक नुसते बिल्ले काढून इकतेत, टोपी उकिरड्यावर टाकतेत. अप्पा उलटे, बिल्ला नसला तरी टोपी आणायचे. आन् इतक्या वर्षांत त्यातली एकबी टोपी त्यांनी सोताच्या डोक्यावर घातली न्हवती. म्या इचारलं का न्हाय, तर म्हणाले, मी कुठं नोकरी केली. म्या त्या वेळी पिसांची एक टोपी हळूच उचलायला घेतली होती, ती जाग्यावर ठिवली.

त्या सगळ्या ओळीत एका बुटक्या खांबावर नुसतंच मडकं होतं. उघडं, लाल. एवढ्या सजलेल्या लोकांत एकटंच बोडकं. ते बघून मला बी कसंतरी झालं.

आता तपास. म्या डोकं चालवलं, म्हंजी जेवढं होतं तेवढं. म्हणलं, असली टोपी ह्या जिल्ह्यात पोटासाठी कोण घालतंय? बँडवाले. लाल कोट, सोनेरी दोऱ्या, डोक्यावर तुरा. झालं, चोर बँडवाल्यातच. टोप्या मापायला पायजेत म्हणून ते बोडकं मडकं मुद्देमालात घेतलं आन् तुळजापूरला निघालो. लगीनसराई, रस्त्यावर वराती. एक बँड समोरून येत होता. मी वर्दीत, खाली मान घालून, दोन्ही हातात मडकं धरून त्याच्या पुढ्यात गेलो. बँडमास्तरनं तोंडातली पिपाणी काढली, डोक्यावरची टोपी काढली आन् हळूच इचारलं, "कोण गेलं, साहेब?" मागनं नवरदेवाचे मामे धावून आले. लग्नाच्या वरातीपुढं मडकं घेऊन येणारा मी पहिलाच असेन. वर्दी होती म्हणून अंगावर हात पडला न्हाय, बाकी आई-बाप समदे निघाले. टोप्या मापल्या, एकबी बसली न्हाय. मडकं आणून ठाण्यात टेबलावर ठिवलं, सरळ, तोंड वर करून, आन् त्यात आमी भाजलेल्या शेंगा भरल्या.

दिवस चालले होते. अप्पा रोज फोन करायचे न्हायत, हीच पंचाईत. जो माणूस रोज फोन करतो त्याला टाळता येतं. जो करत न्हाय तो रात्रंदिवस कानात बोलत ऱ्हातो.

त्यात माझ्या साडूच्या पोराचं लगीन निघालं, तुळजापुरातच. मांडवात एक फेटेवाला बसवला होता, पंचविशीतला, वाळकासा, बोटं लांबलांब. वरपक्षाच्या समद्यांना फेटे बांधत होता. मला बी बांधला. आरशात बघितलं तर मलाच मी ओळखू येईना. पंख्यासारखा उभा तुरा, मागं लांब शेपटी, ऐटीत एकदम. लगीच फोटो काढला आन् मोबाईलवर स्टेटसला टाकला. जेवायला पान मांडलं तवर अप्पांचा फोन.

"हवालदार, कुठं हाव तुमी?"

म्हणलं, लग्नात.

"जेवून घ्या सावकाश. पर डोक्यावरचा फेटा सोडू नका. माझा चोर तुमच्या डोक्यावर बसलाय."

दोन जिलब्या तशाच टाकून जळकोट गाठलं. अप्पा माझ्याभोवती तीनदा फिरले, जसा बाजारात बैल बघतेत तसे. तुऱ्याच्या चुण्या बघितल्या, शेपटी बघितली. मग म्हणाले, आपल्याकडचे फेटेवाले कापड उजवीकडून फिरवतेत, हे डावीकडून फिरवलंय. डावीकडून बांधायची रीत ह्याच रिसाल्याची, आन् त्या साफ्याखाली तशी चिठ्ठीच म्या लावलीय. एकदा नजर टाकून हे जमत न्हाय. साफा समोर ठिवून जो लई दिवस बसलाय त्यालाच जमंल.

तपास अधिकारी मी. महत्त्वाचा पुरावा माझ्या डोक्यावर. आन् तो ओळखला फिर्यादीनं, माझ्याच स्टेटसवर.

मग अप्पांनी आणखी एक सांगितलं, की त्यांच्या पुतण्याच्या लग्नात फेटे बांधायला हाच पोरगा होता. म्या लग्नातल्या एकूण एक पाव्हण्याकडं चौकशी केली होती. ह्याला इचारलं न्हवतं, कारण तो पाव्हणा न्हवता. मांडवात कामाला आलेलं माणूस दिसत न्हाय आपल्याला. तपासात ही चूक म्या एकट्यानं केली न्हाय, पर माझ्यावाणी ती चूक डोक्यावर बांधून कुणी मिरवली नसंल.

फेटेवाल्याला नोटीस देऊन ठाण्यात बोलावला. चौकशीची माझी एक पद्धत होती. पहिल्यांदा गप्प बसायचं, मग एकदम टेबलावर हात आपटायचा. हात आपटला तो स्टेपलरवर. आरोपीनंच पाणी आणून दिलं. पर बोलणं मात्र एकच, मोबाईलवर बघून शिकलो. किती उलटं-सुलटं इचारलं तरी तेच. मी चिडून म्हणलं, मग बांधून दाखव. ठाण्यात कापड कुठलं, खिडकीचा पडदा काढून त्याच्या हातात दिला.

पडदा हातात घेतल्यावर मात्र त्याचा चेहरा बदलला. भ्याव गेलं, कामाचं माणूस झालं. बांधायला डोकं पायजे म्हणून इकडंतिकडं बघितलं. मी माझं पुढं करणार, तवर त्यानं टेबलावरचं मडकं वढलं. शेंगा कागदावर ओतल्या, सदऱ्यानं मडकं पुसलं, पालथं घातलं, आन् दोन बोटांनी हळूहळू फिरवून बरोबर एका जागी थांबवलं. मी त्याला शेंगा सांडल्या म्हणून झापायलो होतो आन् खाली बसून गोळा करायलो होतो.

आमच्या ठाण्यात एक शिपाई बाई होत्या, कॉम्प्युटरवर फिर्यादी टाइप करायच्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "हवालदार, शेंगा राहू द्या. त्यानं मडक्याचं कपाळ तुमच्याकडं केलंय. आपण इतके दिवस त्यातनं खातोय, आपल्याला कधी कपाळ दिसलं?"

खरंच. आमच्यासाठी ते मडकं होतं. त्याच्यासाठी ते डोकं होतं, आन् त्या डोक्याचं तोंड कुठं हे बी त्याला ठाऊक होतं. जो माणूस त्याच्यावरचा साफा उचलून घेऊन गेला त्यालाच ते ठाऊक असणार. फेटेवाल्याचे हात तिथंच थांबले. पडदा मांडीवर घेऊन खाली बसला, आन् मग इचारायच्या आदीच बोलायला लागला.

त्यानं सांगितलं ते असं. अप्पांच्या खोलीत त्यानं तो साफा बघितला. एवढा तुरा खळ न घालता, तार न घालता उभा कसा ऱ्हातो, हे त्याला कळंना. बाप फेटे बांधायचा, चुलता बांधायचा, पर असलं काम त्यानं बघितलं न्हवतं. घरी न्यायचा, उलगडून शिकायचा, गुपचूप परत ठेवायचा, असा बेत. फेट्यांच्या ट्रंकेत घालून नेला. घरी आईच्या घागरीवर ठिवला. रोज कामावरून आला की त्याच्यापुढं बसायचा.

"मग उलगडला?" म्या इचारलं.

"टोक पहिल्याच दिवशी सापडलं, साहेब," तो म्हणाला. "वढायला हात झाला न्हाय."

भाईरूनच बघून बघून, आईच्या जुन्या लुगड्यावर करून करून त्यानं ती बांधणी उचलली होती. परत का दिला न्हायस इचारलं, तर म्हणाला, न्यायला एवढी हिंमत लागली न्हाय जेवढी परत द्यायला लागायली.

मागनं अप्पांना हे सांगितलं. ते म्हणाले, येडं पोरगं, मागितलं असतं तर महिनाभर समोर बसू दिला असता.

पंच घेऊन तुळजापूरला त्याच्या घरी गेलो. साफा जसाच्या तसा. मधी टोकदार मखमली टोपी, तिला कुल्ला म्हणतेत. तिच्याभोवती निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं कापड घट्ट बसलेलं, वर तुरा. घागरीवर ठिवून वर मलमलीचं फडकं टाकलं होतं, धूळ बसू नये म्हणून. लेकरू झोपवल्यावाणी मांडीवर घेऊन जीपमधनं ठाण्यात आणला. छाती अशी फुगली होती की वर्दीची बटनं कुरकुरायली होती.

इथंच गोष्ट संपली असती तर आज माझा फोटो ठाण्यात लावला असता.

आमच्या ठाण्याच्या साहेबांनी जप्तीचा पंचनामा बघितला आन् म्हणाले, वर्णन अपुरं हाय, मुद्देमालाची लांबी-रुंदी कुठंय. साहेबांना वाटलं, हवालदार भाईरनं पट्टी लावील. पर म्या आयुष्यभर चोरीची वायर मोजलेली, मोटारीचा दोर मोजलेला, साड्या मोजलेल्या. कापड म्हणलं की लांबी मीटरमधी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापस्तोर. त्या पोराला पहिल्या दिवशी सापडलेलं टोक मला लगीच सापडलं. आन् माझा हात बी लगीच झाला.

वढलं तसं ते सुरसुर करत आलं. तुरा पडला, वेढे सुटले. मी शिपाई बाईंना टेप आणा म्हणत एक टोक धरून दाराकडं निघालो. खोली पुरंना, पायऱ्या उतरलो, अंगणात गेलो. किती लांब हाय म्हणून कौतुकानं मागं बघितलं, तर फाटकात अप्पा उभे. माल ओळखायला आम्हीच बोलावलं होतं.

ते वाकले, मातीतलं कापड उचललं, झटकलं आन् हातावर गुंडाळत गुंडाळत आत आले. बाकड्यावर तो फेटेवाला दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला होता. चोरानं जे इतके दिवस जपलं ते पोलिसानं सहीशिक्क्यासाठी मोडलं. साहेबांनी मला एवढंच इचारलं, "हवालदार, तुमची रिटायरमेंट कधी हाय?"

शेवटी फेटेवालाच म्हणाला, मला द्या. म्या म्हणलं, तू आरोपी हायेस, मुद्देमालाला हात लावायचा न्हाय. साहेब म्हणाले, मग तुमी बांधताय का? पंच अजून बसलेलेच होते. त्यांच्या समक्ष मडकं पालथं घातलं, वर कुल्ला ठिवला आन् कापड त्याच्या हाती दिलं.

मला वाटलं, आता हा झरझर बांधंल. पर त्यानं बांधलं न्हाय. कापड लांब पसरून त्याच्यावरनं बोटं फिरवत बसला. इतकी वर्षं एका जागी बसून त्या कापडाला घड्या पडलेल्या, इस्त्री केल्यावाणी. आन् जो भाग भाईर होता तो उन्हानं इटलेला, जो आत होता तो कालच रंगवल्यावाणी. फेटेवाला म्हणाला, कापडाला समदं पाठ हाय, आपण नुसतं त्याच्या मागं जायचं. दुसरं टोक धरून ताणायला माणूस पायजे होता. ते काम मला दिलं, अंगणात, उन्हात. ह्या तपासात म्या नीट केलेलं काम तेवढंच.

वेढा बसायचा आन् कडंला गडद निळी रेघ दिसायची. ती आतली बाजू, भाईर आली म्हंजी चुकलं. तो मुकाट्यानं सोडायचा, पुन्हा घ्यायचा. अप्पा लांब उभे होते. पुन्हा चुकलं तवा पुढं आले. मग वाकले. मग बोट दाखवायला लागले, इथं ऊन लागलंय, हे वर पायजे. थोड्या येळानं फिर्यादी आन् आरोपी एकाच मडक्यावर वाकून एकमेकांना सांगायले होते, हितं दाब, हितं सैल सोड. असं दृश्य म्या पुन्हा कुठल्या ठाण्यात बघितलं न्हाय. तुरा उभा राहिला तवा कुठंच गडद रेघ दिसत न्हवती. जिथं ऊन होतं तिथं ऊन, जिथं सावली होती तिथं सावली. पंचनाम्यात लांबी बी लिहिली. एवढं करून ती सोडतो व्हय.

कोर्टातनं सुपूर्तनाम्यावर साफा अप्पांना मिळाला, आन् पुढं केस लोकअदालतीत आपसात मिटली. पर मधी अक्षय तृतीया आली. अप्पांनी मला घरी बोलावलं. फेटेवाल्याला बी बोलावलं. मी हळूच म्हणलं, बाईंना कशाला सांगायचं, काय फरक दिसतोय. अप्पा म्हणाले, "तुमी सोडलाय, तुमीच सांगा. मी चहा सांगतो."

बाई आल्या. पांढरे केस, हातात कापडी पिशवी, पाठीला बाक आलेला. त्या खांबापुढं उभ्या राहिल्या तर साफा बरोबर त्यांच्या डोळ्यांपुढं आला. दफेदार बुटका होता, आन् लेक वाकून वाकून आता बापाएवढी झाली होती. म्या घाम पुसत समदं सांगितलं. चोरी, बँड, मडकं, शेंगा, टोक. कुठं थांबावं ते कळंना म्हणून लांबीबी सांगितली.

त्यांनी साफ्याला हात लावला, कानाजवळच्या वेढ्यावरनं बोट फिरवलं. मग फेटेवाल्याकडं बघितलं.

"डावीकडून का घेतलंस रे?"

तो म्हणाला, घड्याच तशा होत्या, मावशी. अप्पा चटकन म्हणाले, रिसाल्याची रीतच ती, म्या खाली लिहिलंय.

"कसली रीत, अप्पा," बाई म्हणाल्या. "माझी आई डावखुरी होती. बाबांना साफा बांधायला कधी आला? ती त्यांना पाटावर बसवायची आन् बांधायची, ते लेकरावाणी डोळे मिटून बसायचे. शेवटचा बी तिनंच बांधला."

अप्पांनी इचारलं, इतक्या वर्षांत सांगितलं कसं न्हाय. त्या म्हणाल्या, तुमी कायम बाबांचंच इचारायचे. अप्पांनी खांबावरची चिठ्ठी काढून खिशात घातली. दुसरा एखादा असता तर वाद घातला असता. ह्यांनी चष्मा नीट केला आन् इचारलं, "तुमच्या आई उंचीला किती होत्या?" बाईंनी साफ्याच्या वर वीतभर हात धरला. बाबांपेक्षा उंच होती म्हणाल्या, आन् हसल्या. फेटेवाला मान खाली घालून उभा होता. त्याला म्हणाल्या, पुढच्या साली बी येत जा, सैल झाला असंल तर बघायला.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. वाटलं, आता आपण बी काहीतरी बोललं पायजे, एवढ्या वर्षांच्या नोकरीचं सार म्हणून. दोन पावलं पुढं झालो, घसा साफ केला आन् सुरुवात केली, मावशी, ह्या केसनं मला एक शिकवलं बघा, की माणसानं कशालाबी हात लावायच्या आदी इचारावं, हे कुणाच्या हातचं हाय, आन् पोलिसानं तर…

बाईंनी साफ्यावरची नजर काढली न्हाय.

"हवालदार, जरा बाजूला सरका. उजेड आडवायलाव तुमी."